तडा सांधला, पण ताण?

डिसेंबर-जानेवारीत कल्याण-कसारा मार्गावरच्या प्रवाशांच्या ग्रुपवर एक निरोप ठरलेला असतो. पहाटे साडेपाच-सहाला कुणीतरी टाकतं, 'रुळाला तडा गेलाय, गाड्या रखडल्या.' त्यावर चार रागावलेले इमोजी, दोन जोक, आणि एखादं 'रोजचंच आहे'. तास-दीड तासाने दुसरा निरोप येतो, 'दुरुस्ती झाली, गाड्या सुरू.' आपल्यासाठी विषय संपतो.

रुळासाठी तो संपत नाही. तुटलेला रूळ सांधणं हे दुरुस्तीचं अर्धं काम झालं. रुळात अडकून बसलेला ताण मोकळा करणं हे उरलेलं अर्धं. ते राहून गेलं, तर जानेवारीत सांधलेला रूळ मे महिन्याच्या दुपारी वाकडा होऊ शकतो.

मी खडवलीत राहतो आणि ठाण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. इंजिनीअर असलो तरी कॉम्प्युटरचा. लोखंडाशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता. पण रोज ज्या रुळांवरून जातो त्यांची गोष्ट शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट एका प्रश्नाभोवती फिरते: तापलेल्या आणि गार होणाऱ्या धातूचं काय करायचं? दीडशेहून जास्त वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली.

पहिलं उत्तर: फट सोडा

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोचली आणि १ ऑक्टोबर १८५५ ला कल्याणहून वासिंदपर्यंत. खडवली टिटवाळा आणि वासिंदच्या मध्ये आहे; म्हणजे आपल्या गावातून लोखंडी मार्ग जातोय तो १८५५ पासून. कसाऱ्याला तो १ जानेवारी १८६१ ला पोचला.

तेव्हाचे रूळ घडीव लोखंडाचे, लांबीला आखूड, बोटीने इंग्लंडहून येणारे. दोन रुळांची टोकं जोडायला फिशप्लेट वापरत. रुळाच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टी लावायची आणि बोल्टने आवळायची, एवढीच ती युक्ती. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज इंजिनीअरने १८४७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. युक्ती साधी आणि हुशारीची होती, कारण बोल्टची भोकं किंचित मोठी ठेवली की रूळ मागेपुढे सरकू शकत असे.

तो सरकायलाच हवा. रुळाच्या पोलादाचा १ मीटरचा तुकडा तापमान १ अंशाने वाढलं की साधारण ०.०११५ मिलिमीटरने लांबतो. वाचायला हे नगण्य वाटतं. पुढे भारतात नेहमीचा झालेला १३ मीटरचा रूळ घ्या. थंडीतल्या पहाटे त्याचं तापमान १२ अंश धरा आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ६०. (हवा ४० अंश असली तरी उन्हातला रूळ ६० पर्यंत सहज जातो.) फरक ४८ अंशांचा, वाढ ७ मिलिमीटरची. या ७ मिलिमीटरना जागा हवी, म्हणून दोन रुळांमध्ये फट. लोकलचा तो जुना खडाक-खट्ट आवाज याच फटींचा.

फटीची किंमत मोजावी लागते. १३ मीटरच्या रुळांनी एक किलोमीटर मार्ग घातला, तर दोन्ही रुळांचे मिळून दीडशेच्या वर सांधे होतात. प्रत्येक सांध्यावर प्रत्येक चाक आपटतं. टोकं चेपतात, बोल्टच्या भोकांपासून चिरा निघतात, खालची खडी ढिली होते, स्लीपर हलतो. मग गँगमननी खडी ठोकायची, बोल्ट आवळायचे, पुन्हा खडी ठोकायची. रेल्वेने लोखंडाला मोकळीक दिली, आणि त्या मोकळीकीचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पाठीने भरला.

बैलगाडीच्या चाकाची धाव

मग फट बुजवून रूळ सलग का नाही केले? त्यासाठी ताण अडकतो म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्या गावांमध्ये ते लोहाराला इंजिनीअरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टीचं कडं असतं, त्याला धाव म्हणतात. लोहार हे कडं चाकापेक्षा जरासं लहानच बनवतो. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, ते फुगतं, चाकावर चढतं, आणि वरून पाणी ओततात. कडं आकसायला बघतं, पण आत लाकूड आहे. त्याला पुरतं आकसता येत नाही. जेवढं आकसायचं राहून गेलं, तेवढा ताण कड्यात कायमचा राहतो, आणि तोच ताण चाकाचे सगळे भाग घट्ट आवळून धरतो.

अडकलेला ताण म्हणजे हेच. धातूला गार होताना आकसायचं होतं, शेजाऱ्याने ते होऊ दिलं नाही. धावेत हा ताण मुद्दाम ठेवलेला आहे आणि किती ठेवायचा हे लोहाराला माहीत आहे. अडचण होते ती नकळत अडकलेल्या ताणाची.

वेल्डिंगमध्ये तो दर वेळी अडकतो. आमच्या वर्कशॉपमध्ये दोन सपाट पट्ट्या शेजारी ठेवून जोडायला दिल्या होत्या. टेबलावर त्या अगदी सपाट होत्या. वेल्ड करून गार झाल्या तेव्हा वर्गातल्या बहुतेकांच्या पट्ट्या वर वाकलेल्या. वितळलेला धातू आकसला आणि त्याने पट्ट्या ओढल्या. सरांनी सांगितलं, पट्टी वाकली म्हणजे ताण बाहेर पडला. ती वाकू नये म्हणून घट्ट धरून ठेवली असती, तर तोच ताण आत राहिला असता. रूळ जमिनीला घट्ट धरलेलाच असतो.

कुशीतला ज्वालामुखी

रुळांच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये डर्बी इथे पोलादाचा पहिला रूळ टाकला गेला आणि पुढच्या काही दशकांत घडीव लोखंड मागे पडलं. पोलादी रूळ कितीतरी जास्त टिकतो, कारण त्यात कार्बन जास्त असतो. खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, रुळात ०.६ ते ०.८ टक्के. पण याच कार्बनमुळे रूळ वेल्ड करायला अवघड. असं पोलाद लाल तापवून झटकन गार केलं, तर त्याची आतली रचना बदलते आणि ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. लोहार कोयत्याला 'पाणी देतो' तेव्हा नेमकं हेच करतो, पण फक्त धारेपुरतं. रुळाच्या सांध्याला असं पाणी बसलं, तर चाकांच्या माऱ्याखाली तो तडकणार.

वाट सापडली ती जर्मनीत. हान्स गोल्डश्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये थर्मिटच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे जवळपास गंजच, आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड एकत्र करून पेटवली की अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि खाली उरतं वितळलेलं लोखंड. तापमान २५०० अंशांच्या आसपास जातं. ना वीज लागते, ना भट्टी. १८९९ मध्ये एसेन शहरात या पद्धतीने ट्रामचे रूळ जोडले गेले.

आजही आपल्या मार्गावर रात्रीच्या ब्लॉकमध्ये जे वेल्डिंग दिसतं, ते बहुतेक वेळा हेच. दोन टोकांमध्ये सुमारे २५ मिलिमीटरची जागा ठेवतात. भोवती साचा बसवून कडा वाळूने लिंपतात. मग बर्नरने दोन्ही टोकं साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतात. ही पायरी वेळखाऊ वाटते, पण सांध्याचं आयुष्य इथे ठरतं. टोकं गार असतील, तर ओतलेला रस त्यांना लागून झटकन थिजेल आणि कोयत्याच्या धारेसारखा ठिसूळ होईल. आधीच तापलेली असतील, तर सगळं सावकाश गार होतं. मग वरच्या मुशीतलं मिश्रण पेटवतात, काही सेकंदांत डोळे दिपवणारा उजेड होतो आणि पोलाद साच्यात उतरतं.

इथली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. वेल्डर सांधा समपातळीत लावतच नाहीत, मुद्दाम किंचित वर उचलून लावतात. रुळाचा माथा जाड असतो, तो शेवटी गार होतो आणि शेवटी आकसतो, त्यामुळे सांधा आपसूक खाली येतो. धातू पुढे काय करणार हे ओळखून त्याला आधीच सवलत दिलेली असते. रस ओतल्यावरही सांध्याला निदान अर्धा तास गार होऊ देतात, मगच गाडी सोडतात. प्लॅटफॉर्मवर आपण 'आता कशाला थांबलेत' म्हणून चडफडतो, तेव्हा कधीकधी ते पोलाद गार होण्यासाठी थांबलेले असतात.

बंदरात मोडलेलं जहाज

वेल्डिंगमधला ताण हा विषय साऱ्या जगाच्या डोळ्यांवर आला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेने जहाजं रिव्हेट मारून बांधायचं सोडून वेल्ड करून बांधायला घेतली, कारण वेग हवा होता. १६ जानेवारी १९४३ ला 'शेनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना मधोमध मोडलं. ना वादळ होतं, ना पाणसुरुंग.

पहिला संशय वेल्डरांवर गेला. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की मूळ दोष पोलादाचा आहे: त्या जातीचं पोलाद थंडीत ठिसूळ होतं. सांध्यांमधला अडकलेला ताण आणि काटकोनी कोपरे यांची त्यात भर पडली. शिवाय रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्ड केलेलं जहाज सलग, त्यामुळे तडा पळतच सुटला.

या काळात कारखान्यांमध्ये एक उपाय रुळला होता. बॉयलर किंवा जाड टाकी वेल्ड केली, किंवा दुरुस्त केली, की ती पुन्हा भट्टीत घालायची. साध्या पोलादासाठी ६०० अंशांच्या जरा वर, दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक तास, आणि मग हळूहळू गार करायचं. या तापमानाला पोलाद वितळत नाही, फक्त मऊ पडतं. मऊ पडल्यावर आतला ताण धरून ठेवण्याइतका जोर त्यात उरत नाही, आणि तो आपोआप ओसरतो. डोंबिवली-अंबरनाथच्या पट्ट्यात जाड टाक्या बनवणाऱ्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, तो 'एसआर केलं का?' असंच म्हणेल. एसआर म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग, ताण उतरवणं.

पण टिटवाळा ते वासिंद रूळ भट्टीत कसा घालणार?

सलग रूळ आणि त्याचा हिशोब

एसेनच्या ट्रामचे रूळ सलग जोडता आले, कारण ते रस्त्यात गाडलेले होते. वाकायला त्यांना जागाच नव्हती. उघड्यावरच्या रेल्वेत हे जमेल का, यावर इंजिनीअर बराच काळ साशंक होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि जर्मनीत प्रयोग झाले आणि कळलं की जड स्लीपर, घट्ट पकड आणि भरपूर खडी असेल, तर तेही रुळाला रस्त्यासारखंच धरून ठेवतात. भारतात हे काम १९६० च्या दशकात सुरू झालं. लखनौची संशोधन संस्था, आरडीएसओ, १९५७ मध्ये उभी राहिली होती. लांब रुळांचे नियम तिच्याच अभ्यासातून घडत गेले. १९९६ ची त्यांची वेगळी नियमपुस्तिका रेल्वेतल्या प्रत्येक अभियंत्याला माहीत असते. २०२० मध्ये ते नियम मुख्य परमनंट वे मॅन्युअलमध्ये घेतले गेले. आता भिलाईहून १३० मीटरचा अखंड रूळ निघतो, आणि वेल्ड केलेले २६० मीटरचे तुकडेही येतात.

खडाक-खट्ट गेलं. पण रुळाला तापल्यावर वाढायचंच होतं. ते आपण होऊ देत नाही आहोत. सलग रुळाची फक्त टोकाकडची शंभरेक मीटर लांबी मागेपुढे सरकते. मधला सगळा भाग जागच्या जागी, आणि त्याची वाढ आत कोंडलेली.

किती जोर कोंडला जातो? मीटरला ६० किलो वजनाच्या रुळासाठी मी गणित मांडलं: दर अंशाला, दर रुळामागे, सुमारे १.९ टन.

म्हणून प्रत्येक लांब रुळाचं एक तापमान ठरवतात, ज्याला त्यात ना ताण ना दाब. समजा ते ४० अंश आहे. पहाटे रूळ १० अंशांवर आला, की तो ३० गुणिले १.९, म्हणजे ५७ टनांनी ताणलेला असतो. एखादी बारीक चीर, एखादा कच्चा सांधा असेल, तर तो या वेळी तुटतो. रुळाला तडा गेल्याच्या बातम्या थंडीतल्या पहाटे येतात त्या यामुळे. दुपारी ६० अंशांवर उलटं: २० गुणिले १.९, म्हणजे ३८ टनांनी दाबलेला. खडी आणि स्लीपर हा दाब पेलतात, कारण त्याच हिशोबाने मार्ग बांधलेला असतो.

दुरुस्तीचा दुसरा भाग

आता जानेवारीतली ती पहाट बघा. रूळ तुटला. ताणलेलं रबर सुटावं तशी दोन्ही टोकं मागे सरली आणि मध्ये फट पडली. कीमनला ती दिसली, त्याने लाल झेंडा दाखवून गाडी थांबवली. तुटलेल्या जागी क्लॅम्पने फिशप्लेट आवळल्या, आणि गाड्या आधी अगदी हळू, मग थोड्या वेगाने सुटल्या. 'दुरुस्ती झाली' तो निरोप इथला. नियमांच्या भाषेत ही फक्त तातडीची दुरुस्ती. पुढे तात्पुरती, मग कायमची: खराब भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणं.

मोह इथेच होतो. फट पडलेली आहे, तिच्यात मावेल तेवढा तुकडा बसवा, वेल्ड करा, घरी जा. सांधा मजबूत असेल, अल्ट्रासाउंडच्या तपासणीत पास होईल, डोळ्यांना सरळ दिसेल. पण त्या मार्गात आता आधीपेक्षा जास्त पोलाद आहे. समजा २० मिलिमीटर जास्त, आणि त्याचा परिणाम १०० मीटर लांबीवर पसरला. गणित सांगतं की त्या भागाचं ताणरहित तापमान सुमारे १७ अंशांनी खाली आलं: ४० वरून २३ वर. मे महिन्यात तोच रूळ ६० अंशांवर जाईल तेव्हा दाब ३८ टन नसेल, ७० टन असेल. तेवढ्या दाबाखाली रूळ बाजूला सुटून नागमोडी होऊ शकतो, आणि त्याला आवाज किंवा सूचना अशी काही नसते.

म्हणून नियम सांगतो की तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना खुणा करा, आणि जितकं पोलाद काढलं तितकंच परत घाला, वेल्डच्या धातूसकट. हा चक्क जमाखर्च आहे. आणि नंतर योग्य वेळी ताण मोकळा करा. रेल्वेत याला डी-स्ट्रेसिंग म्हणतात. ब्लॉक घेऊन रूळ कापतात, शेकडो मीटरभर त्याच्या सगळ्या चाव्या काढतात, तो उचलून ठरावीक अंतरावर ठेवलेल्या रुळकांड्यांवर चढवतात आणि लाकडी मोगऱ्यांनी बाजूने ठोकत जातात, म्हणजे कुठे अडकलेला असेल तर सुटेल. आता रूळ खरोखर मोकळा. हवं ते तापमान निसर्गाने दिलं तर ठीक. नाहीतर हायड्रॉलिक यंत्राने तो ओढतात. ५०० मीटरचा रूळ २५ अंशांवर असेल आणि हवेत ४०, तर ८६ मिलिमीटर ओढायचा. तसाच धरून वेल्ड करायचा आणि चाव्या परत ठोकायच्या.

भट्टीत ताण तापवून उतरवतात, इथे ओढून आणि मोजून. मूळ कल्पना एकच: जोडताना धातूत काय अडकलं ते माहीत असायला हवं, आणि नको असेल तर बाहेर काढायला हवं.

माझ्या धंद्यात रात्री सर्व्हर पडला की आम्ही तातडीचा पॅच टाकतो आणि सकाळी सगळे खूश असतात. नीट दुरुस्तीचं तिकीट मात्र महिनोन्‌महिने यादीत खाली सरकत राहतं. आमच्याकडे त्याची किंमत बहुधा पैशांत मोजली जाते. रुळावर तसं नसतं. २६ नोव्हेंबर १९९८ ला पहाटे पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून आलेली एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेहून जास्त माणसं गेली.

खडवलीच्या बाजूला ब्लॉक मिळणं सोपं नसतं. याच मार्गावरून कसाऱ्याच्या लोकल, नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळं जातं. तिसऱ्या मार्गिकेचं काम अनेक वर्षं चालू आहे. तातडीच्या दुरुस्तीला ब्लॉक मागावा लागत नाही, कारण गाड्या थांबलेल्याच असतात. डी-स्ट्रेसिंगला तो मागून घ्यावा लागतो, तोही ज्या दिवशी रुळाला वरून काहीच झालेलं दिसत नाही अशा दिवशी. त्या रविवारी आपण स्टेशनवर उभे राहून विचारतो, 'आज कशाला मेगाब्लॉक? सगळं तर नीट आहे.' दरम्यान ट्रॅकमन ऊन डोक्यावर घेऊन शेकडो चाव्या काढत असतात. थंडीत रात्रीची गस्त, उन्हाळ्यात दुपारची गस्त, हे वेळापत्रकही रुळाच्या तापमानावरूनच ठरलेलं आहे.

हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि ते फक्त वहीत नसतं. थर्मिटच्या प्रत्येक सांध्यावर महिना, वर्ष, कंपनी आणि वेल्डरचा संकेतांक यांची खूण करावी लागते. प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे उभं राहूनही समोरच्या रुळाच्या अंगावर रंगवलेले आकडे कधीकधी दिसतात. तो सांधा कुणी आणि कधी केला याची ती नोंद. आपण रोज ज्यावरून जातो, त्या वस्तूवर बनवणाऱ्याची अशी सही किती ठिकाणी असते?